कोऱ्या कुंडीवर धाब्याच्या घराची भिंत

दारातल्या सहा कुंड्यांना मी पहिल्यांदा रंग दिला तो घराच्या रंगकामातला उरलेला डबा संपवायचा म्हणून. बाहेरच्या भिंतीचा इमल्शन, आणि त्यावर दुकानदाराने गळ्यात मारलेलं चकचकीत वार्निश. गणपतीपर्यंत झकास दिसल्या. नवरात्रात एका कुंडीच्या पोटावर पुरीसारखा फुगा आला. बोटाने दाबला तर आतून पाणी निघालं. दिवाळीपर्यंत सहाच्या सहा सोलवटल्या होत्या, आणि त्या सोलवटण्यात जुनेपणाची शोभा नव्हती, नुसता बकालपणा होता.

मातीची कुंडी ही माठाची सख्खी बहीण. जळगाव-भुसावळचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा माठातलं पाणी गार राहतं, कारण ते भिंतीतून पाझरतं आणि बाहेर येऊन उडून जातं. कुंडीतही रोज हेच चालू असतं. तुम्ही झाडाला पाणी घालता, ते मातीच्या भिंतीत शिरतं, बाहेरच्या अंगाला येतं, वाफ होतं आणि सोबत आणलेले क्षार तिथेच टाकून जातं. बाहेर प्लास्टिकसारखा रंगाचा पापुद्रा असला की पाणी आणि क्षार त्याच्या मागे अडकतात आणि त्याला ढकलून सोडतात. म्हणून झाड लावायच्या कुंडीला जुनं रूप द्यायचं तर ते पाणी आरपार जाऊ देणाऱ्या गोष्टींनीच द्यायला हवं: चुना, गेरू, सुरखी, वाळू. तुळशीवृंदावनाला आपली माणसं पिढ्यान् पिढ्या गेरू-चुनाच लावत आली आहेत.

आधी भिंत नीट बघा

हात घालण्याआधी एखाद्या जुन्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, घरासमोर दहा मिनिटं उभे राहा. खान्देशात अजून अशी घरं बरीच आहेत, गिरणाकाठच्या कुठल्याही गावात गल्लीत शिरलात की सापडतील. आमच्या आजोळच्या घराची ओसरीकडची भिंत मी एकदा मुद्दाम जवळून पाहिली. अंगठ्याएवढा एक कोपचा उडालेला होता आणि त्याच्या कडेला चार थर दिसत होते. सगळ्यात आत मातीचा तपकिरी गिलावा, त्यावर गेरूची पातळ रेघ, मग नीळ घातलेल्या चुन्याचा फिकट आभाळी थर, आणि वर पांढरा. पांढराही एकसारखा नव्हता. जिथे लोक पाठ टेकून बसत तिथे तो घासून गुळगुळीत, पिवळट झाला होता. खाली जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत ओल चढून चुना भुसभुशीत झाला होता आणि खाऱ्याची पांढरी बुरशीसारखी कड उमटली होती. वर वळचणीखालून पावसाचे काळपट ओघळ, तेही फक्त पावसाचा मारा येणाऱ्या बाजूला.

म्हणजे जुनेपणाला कारण असतं. भिंत घासली जाते तिथे झिजते, ओल चढते तिथे फुगते, पाणी ओघळतं तिथे काळी पडते. बाजारातल्या ‘अँटिक’ कुंड्या खोट्या दिसतात त्या यामुळेच: त्यांच्यावर डाग सगळीकडे सारखे, जणू गोवर आला आहे. आपल्या कुंडीवर झीज काठावर आणि पोटाच्या फुगीर भागावर, भुसभुशीतपणा खालच्या तिसऱ्या हिश्शात, ओघळ काठाखाली आणि एकाच बाजूला, एवढं ठरवून घेतलं की अर्धं काम झालं.

सामान

आठ इंची चार कुंड्यांसाठी मी साधारण एवढं घेते:

– विरवलेल्या चुन्याचा लगदा, अर्धा लिटरभर
– गेरू, ५० ग्रॅम
– सुरखी, म्हणजे विटेची किंवा खापराची चाळलेली भुकटी, एक मोठी वाटी
– बारीक वाळू, धुऊन वाळवून पिठाच्या चाळणीने चाळलेली, दीड वाटी
– पुडीतली भुकट नीळ, चमचाभर
– एक चमचा बाभळीचा डिंक, रात्रभर भिजवलेला
– पांढरी मेणबत्ती, थोडी काजळी, जुने ब्रश, गोणपाट, तारेचा ब्रश

चुन्याबद्दल दोन शब्द जास्त. कळीचा चुना आणून घरी विरवता येतो, पण पाण्यात पडताच तो उकळतो आणि उडतो. विरवायचाच असेल तर लोखंडी घमेल्यात आधी पाणी घ्या आणि त्यात थोडा थोडा चुना टाका. चुन्यावर पाणी कधीही ओतू नका. लहान मुलं आसपास असतील तर या फंदात पडूच नका, विरवलेल्या चुन्याची भुकटी आणा, दुप्पट पाण्यात कालवा आणि आठवडाभर झाकून ठेवा. वर साचते ती स्वच्छ निवळी, खाली बसतो तो लगदा. निवळी फेकू नका, गेरूसाठी लागते.

भुकटीचं पोतं दुकानात किती दिवस उघडं पडलं होतं हे कोण सांगणार? चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून पुन्हा दगड होतो, आणि पोत्यातच दगड झालेला चुना कुंडीला धरत नाही, बोटाला खडूसारखा लागतो. घरच्या घरी पारख सोपी आहे. चिमूटभर हळद पाण्यात कालवून चुन्यावर टाका. क्षणात कुंकवासारखा लालभडक रंग आला तर चुना जिवंत आहे. जेमतेम तपकिरी झाला तर पोतं परत करा.

चुना डोळ्यात गेला तर डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. रबरी हातमोजे आणि साधा चष्मा तरी हवाच. गेलाच तर वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवा आणि तसेच उठून डॉक्टरकडे जा.

सुरखी विकत मिळाली नाही तर फुटक्या कुंड्या आणि माठाची खापरं गोणपाटात गुंडाळून हातोडीने कुटा, चाळून घ्या. तोंडाला रुमाल बांधा. कमी आचेवर भाजलेल्या मातीची ही भुकटी चुन्याशी घट्ट सांधते, ओलीतही टिकते, म्हणून जुन्या बांधकामात तिला एवढा मान होता. आपल्याला तिचा आणखी एक फायदा: फिकट गुलाबी रंग फुकटात मिळतो.

कुंडी निवडणं आणि पाणी पाजणं

विकत घेताना कुंडीला टिचकी मारा. ठणठणीत वाजली तर घ्या, भद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे किंवा ती कच्ची भाजली आहे. तळाला भोक हवं. वरून मेणासारखी चकाकी किंवा लाल ऑक्साइडचा हात दिलेली कुंडी टाळा, तिच्यावर चुना बसत नाही. अंगावर बारीक खडबडीतपणा, चाकावरच्या बोटांच्या रेघा असतील तर त्या आपल्या कामाच्याच आहेत.

माझी पहिली चुन्याची कुंडी दुसऱ्या दिवशी हात लावताच पांढरी झडली. कुंभारवाड्यातल्या म्हाताऱ्या मावशींना तसं सांगितलं तर त्या हसल्या. “त्याले आधी पानी पाज, मंग रंग लाव.” कोरडी कुंडी चुन्यातलं पाणी घटकेत पिऊन टाकते आणि चुना पकडायच्या आधीच कोरडा होतो. म्हणून कुंडी रात्रभर बादलीत बुडवून ठेवा. सुरुवातीला बारीक बुडबुडे येतील, ते थांबले म्हणजे तिचं पोट भरलं. सकाळी काढून तारेच्या ब्रशने घासा, करवतीच्या जुन्या पात्याने जिथे थर चढवायचा तिथे आडव्यातिडव्या रेघा मारा, आणि सावलीत अर्धा तास ठेवा. अंग ओलसर हवं, पण त्यावर पाणी चमकता कामा नये.

कुंडी जुनी असेल आणि क्षारांनी पांढरी झाली असेल तर एक भाग व्हिनेगर, चार भाग पाणी करून घासा. मग दोन-तीनदा साध्या पाण्याने धुवा, कारण आंबट राहिलं तर ते चुन्याला खातं.

कामाला दिवाळीनंतरचे दिवस उत्तम. चैत्र-वैशाखात करायचंच असेल तर सकाळी आठच्या आत, सावलीत, वारा अडवून. आपल्याकडची दुपारची झळ चुन्याची वैरी आहे.

थर चढवणं

पहिला हात गेरूचा. गेरू नुसत्या पाण्यात कालवला तर पुढे हाताला लागत राहतो, म्हणून तो चुन्याच्या निवळीत कालवायचा, त्यात भिजवलेला डिंक टाकायचा, आणि ताकाइतका पातळ करून सगळ्या कुंडीला एक हात द्यायचा. काठाच्या आतल्या बाजूलाही दोन इंच खाली उतरा, नाहीतर माती भरल्यावर तिथे नवी कोरी पट्टी दिसते. त्याखाली आतून काहीही लावायचं नाही.

दुसऱ्या दिवशी पोत. एक भाग चुन्याचा लगदा, एक भाग सुरखी, दीड भाग वाळू. पाणी बेताने घालत भज्यांच्या पिठाइतकं दाट करा. कुंडीवर पाणी शिंपडा आणि हे मिश्रण हातमोज्याच्या बोटांनी लावा, दोन-तीन मिलिमीटरच्या वर नाही. सगळीकडे तर मुळीच लावू नका. भिंतीवर गिलावा टिकून राहिलेला असतो तसा बेटाबेटाने, कडा बोटाने पातळ करत. नुकतं लावलेलं असतानाच ओल्या गोणपाटाने थोपटलं की झकास खरखरीत अंग येतं, ब्रशच्या टोकाने टोचलं की बारीक खळगे पडतात. मला गोणपाट आवडतं. ब्रशचे खळगे फार सारखे पडतात.

आता कुंडीभोवती ओलं गोणपाट सैल गुंडाळा आणि तीन दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडत राहा. ही पायरी कंटाळवाणी आहे, आणि लोक नेमकी हीच गाळतात. कामवाल्या ताईंनी एकदा “वाळत घातलंय ना” म्हणून माझं गोणपाट काढून गच्चीवर टाकलं होतं. संध्याकाळपर्यंत पोताला नखाएवढ्या भेगा. पण खालच्या पट्ट्यात त्या भेगा इतक्या खऱ्या दिसल्या की पुढच्या कुंडीला मी तळाकडचा भाग मुद्दाम उघडा ठेवला. भेगा हव्या असतील तर तेवढ्याच भागात, आणि झडणार हे गृहीत धरून.

चौथ्या दिवशी मेणबत्ती. काठाची धार, पोटाचा फुगीर भाग, पोताच्या बेटांच्या काही कडा, जिथे जिथे चुना झिजलेला दाखवायचा तिथे कोरड्या अंगावर मेणबत्ती दाबून घासा. मेणावर चुना धरत नाही. भर दुपारी हे करू नका, तापलेल्या कुंडीवर मेण लोण्यासारखं पसरतं आणि नको तिथे जातं.

मग निळा चुना. लगदा दुधाइतका पातळ करा, फडक्याने गाळा, अर्धा लिटरला अर्धा चमचा भुकट नीळ आधी थोड्या पाण्यात घोटून मग टाका. बाटलीतली पातळ नीळ चालत नाही, तो वेगळा रंग असतो, माझ्याकडे एका उन्हाळ्यात उडून गेला. भुकट नीळ चुन्यात टिकते. ओला असताना रंग गडद दिसेल, वाळल्यावर कितीतरी फिका पडेल, म्हणून आधी एका खापरावर लावून वाळवून बघा.

निळ्याचे दोन हात झाले की पांढऱ्याचे तीन, प्रत्येक हातात एका दिवसाचं अंतर, आणि प्रत्येक हाताआधी पाण्याचा शिडकावा. लावताना चुना जवळजवळ पारदर्शक दिसतो. माणसाला वाटतं काहीच लागलं नाही, आणि तो दाट हात मारतो. दाट हात पापुद्रा होऊन सुटतो. पातळच लावा, संध्याकाळपर्यंत पांढरेपणा आपोआप वर येतो.

जुनं करणं

शेवटच्या हातानंतरच्या सकाळी, चुना अजून पुरता कडक झालेला नसताना, ओल्या गोणपाटाने घासायला सुरुवात करा. काठावर जोर, पोटावर मध्यम, पोताच्या खळग्यांत अजिबात नाही. मेणावरचा चुना बोथट सुरीने खरवडला की पटकन सुटतो आणि खालून गेरू दिसतो. काही ठिकाणी फक्त पांढरा काढून निळ्यावर थांबा, काही ठिकाणी गेरूपर्यंत जा, एखाद्याच जागी थेट मातीपर्यंत. तीन-चार पावलं मागे जाऊन बघत राहा. मी जवळून बघत घासत बसले तेव्हा दरवेळी जास्त घासून बसले.

ओघळांसाठी समईवर धरलेल्या पळीची काजळी चालते. ती पाण्यात मिसळायला तयार नसते, वर तरंगते. डिंकाच्या पाण्याच्या दोन थेंबांत बोटाने घोटली की मिसळते, मग चहाइतकी पातळ करा. कुंडी उभी ठेवून काठाच्या खाली एका बाजूला ब्रश टेकवा आणि थेंब आपला आपण उतरू द्या. हाताने रेघ ओढू नका. लगेच ओल्या फडक्याने अर्धा टिपून घ्या. तीन-चार ओघळ पुरेत. उरलेलं काजळीचं पाणी पोताच्या खळग्यांत फिरवून वरवर पुसून घेतलं की खडबडीतपणा उठून दिसतो.

खालच्या भागातल्या क्षारांच्या कडा मुद्दाम काढायची गरजच नाही. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड आहे की झाड लावल्यावर दोन-तीन महिन्यांत त्या आपोआप उमटतात. लवकर याव्यात म्हणून कुंडी मिठाच्या पाण्यात ठेवण्याचा सल्ला मला एकाने दिला होता. तसं करू नका. मिठाचे खडे भिंतीच्या छिद्रांत वाढतात आणि कुंडीचं अंगच भुगा करतात, शिवाय मीठ मुळांपर्यंत जातं.

शेवाळासाठी ताक फासायचाही एक उपाय सांगतात. मी केला. मुंग्या आल्या, वास आला, शेवाळ आलं नाही. श्रावणात घरामागच्या सावलीत ठेवलेल्या कुंडीला मात्र न विचारता हिरवी झाक आली. आपल्या कोरड्या हवेत ती दिवाळीनंतर वाळून काळपट होते, तेही वाईट दिसत नाही. हिरवट-निळ्या डागासाठी मोरचूद, म्हणजे फवारणीतलं कॉपर सल्फेट, वापरण्याचा मोह केळी-द्राक्षवाल्यांच्या घरी होतो, कारण डबा समोरच असतो. झाडाच्या कुंडीवर तो नको. तांबं मुळांना जड जातं आणि शेवाळाला तर मारतंच.

आता तीन-चार आठवडे कुंडी सावलीत राहू द्या, पहिला आठवडा दिवसातून एकदा पाणी शिंपडत. पक्का झाला का हे बघायला पुन्हा हळद: तळाला, दिसणार नाही अशा जागी, एक थेंब टाका. आता तो लालभडक व्हायला नको. वर वार्निश, पॉलिश, काहीही मारू नका. कोरड्या हाताला किंचित पांढरं लागेल, तेवढं चुन्याचं चालायचंच.

अशा कुंडीत कोरफड, जेड, अडेनियम, सदाफुली, बोगनवेल मजेत राहतात. अनंतासारख्या आंबट मातीच्या झाडाला ही कुंडी देऊ नका, तसाही तो आपल्या चुनखडीच्या काळ्या मातीत आणि जड पाण्यात रडतच असतो.

भडक रंगच हवा असेल तर

मग इमल्शन वापरा, पण कुंडीत थेट माती भरू नका. रोप नर्सरीच्या प्लास्टिकच्या कुंडीतच राहू द्या आणि ती रंगवलेल्या कुंडीत अलगद उतरवा. भिंत कोरडी राहिली की रंग टिकतो. पोतासाठी दोन भाग रंगात एक भाग पांढरी रांगोळी मिसळा, शिरगोळ्याची भुकटी असते ती, छान बसते. खायचा सोडा घालण्याची टूम आहे, पण सोडा पाण्यात विरघळतो, बाहेर ठेवायच्या कुंडीला तो उपयोगाचा नाही. दोन रंग, मध्ये मेणबत्ती, वाळल्यावर १२० नंबरच्या पॉलिश पेपरने कडा घासणं, कृती बाकी तीच.

आखाजीची घागर

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पुजलेली घागर पुढे उन्हाळाभर पाण्याला वापरतात आणि मग ती कुठेतरी कोपऱ्यात पडते. या कामाला तिच्यासारखं भांडं नाही, कारण तिचं अंग आधीच वापराने मुरलेलं असतं. अडचण एकच, तळाला भोक नसतं. घागर रात्रभर पाण्यात बुडवा, वाळूच्या ढिगावर पालथी ठेवा, भोकाच्या जागी चिकटपट्टी लावा. ड्रिल मशीनला दगडाचं ४ मिलिमीटरचं पातं लावा आणि हातोडीचा ठोका बंद ठेवून हळू चालवा, मधूनमधून पाणी टाकत. मग तेच भोक १० मिलिमीटरच्या पात्याने मोठं करा. ड्रिल नसेल तर मोठा खिळा दोन तळहातांत धरून रवीसारखा घुमवा. वेळ लागतो, पण घागर तडकत नाही. गळा फुटला असेल तर फुटका भाग तसाच राहू द्या, त्याच्या धारेवर फक्त गेरूचा हात फिरवा आणि चुना त्या कडेपासून दोन बोटं अलीकडेच थांबवा.